रोजा ठेवून रांधणारी आणि तिचे पातेले

रमजानचा चंद्र दिसण्याआधीच्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानांत वेगळीच वर्दळ असते. कुणाला सहरीच्या चहासाठी थर्मास हवा असतो, कुणाला खजुरांसाठी झाकणाचा डबा, आणि अलीकडे बऱ्याच जणांना 'ते काळे, खाली न लागणारे' पातेले. काळे म्हणजे हार्ड अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचे. दुकानदार लगेच पाच भांड्यांचा सेट पुढे करतो, वर तवा फुकट सांगतो, आणि घरचा कर्ता पुरुष पाकीट काढतो. महिनाभर त्या भांड्यांत जी रांधणार असते, ती बहुतेक वेळा त्या दुकानात नसतेच. निवड चुकते ती इथे.

रमजानातला स्वयंपाक इतर अकरा महिन्यांसारखा नसतो. रांधणारी स्वतः उपाशी-तहानलेली असते. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजनंतर ती डालचा किंवा खिचडा चढवते. मीठ-आंबट जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकून टाकण्याची मुभा गरजेपोटी शरियतने तिला दिलेली आहे, पण अनेक बायका तीही घेत नाहीत. वासावर आणि अंदाजावर सगळे चालते. एका हाताने भजी तळायची, दुसऱ्या हाताने फळे चिरायची, मधेच दारात शेजारचे मूल ताट घेऊन येते. एवढ्यात खिचड्याचे बूड लागले, तर मगरिबच्या अजानला वीस मिनिटे उरलेली असतात आणि दुसरे काही करायला सवड नसते. त्या दिवशी घरात कुणाचा पहिला रोजा असेल, तर त्या करपट वासाची आठवण पुढच्या वर्षीही निघते. म्हणून सगळीकडे सारखे तापणारे भांडे ही तिच्यासाठी चैन नाही.

या बाबतीत अॅल्युमिनियमचा हात धरणारी स्वस्त धातू नाही. स्टेनलेस स्टीलच्या जवळपास पंधरापट वेगाने त्यातून उष्णता पसरते. एकेरी बुडाच्या पातळ स्टीलच्या पातेल्यात आच लागते तेवढीच जागा तापते आणि दूध नेमके तिथेच धरते. ईदच्या पहाटे शीरखुर्म्याचे दूध आटवणाऱ्या प्रत्येकीला हा अनुभव असतो. अॅल्युमिनियमचा दोष वेगळा आहे. ती मऊ असते, आणि आंबट व खारट पदार्थांशी तिचे जमत नाही.

हा दोष समजायला प्रयोगशाळेत जायला नको. मराठी घरांत 'कळकणे' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा कढी ठेवली की ती कळकते, हे शेजारच्या जोशीकाकूंना जेवढे ठाऊक, तेवढेच खालाजानलाही. म्हणून तर कल्हईवाला मोहल्ल्यातही यायचा आणि वाड्यातही. नवसागराचा पांढरा धूर, त्यावर फिरणारा कापसाचा बोळा आणि क्षणात चांदीसारखे होणारे पातेले हे दृश्य दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आठवते. कल्हई म्हणजे कथलाचा थर. तो आंबटाला धातूपासून दूर ठेवायचा. पुढे तांब्या-पितळेची जागा जर्मलने घेतली. खेड्यापाड्यांत अॅल्युमिनियमला अजून जर्मलच म्हणतात. भांडे हलके झाले, स्वस्त झाले, पण मधला थर गेला. सोलापूर-मराठवाड्याकडच्या डालच्यात चण्याची डाळ, मटण आणि दुधी असतो, आणि चिंचेचा कोळ चांगला सढळ हाताने. तो साध्या जर्मलच्या पातेल्यात तासभर उकळला की भांड्याची आतली बाजू घासल्यासारखी चकचकीत होते. ती चकाकी म्हणजे तिथली धातू थोडी का होईना डालच्यात गेल्याची खूण आहे.

काळ्या भांड्याने तोच हरवलेला थर परत आणला, फक्त वेगळ्या वाटेने. कल्हई बाहेरून लावतात. हा थर भांड्याच्या स्वतःच्या अंगातून काढलेला असतो. अॅल्युमिनियमवर हवेने आपोआप ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. कारखान्यात भांडे थंडगार गंधकाम्लाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडली की तोच पापुद्रा वाढत जाऊन २५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या साधारण निम्म्या जाडीचा होतो. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे बनतात तोच हा, अॅल्युमिनियम ऑक्साइड. म्हणून तो स्टीलच्या कालथ्याला दाद देत नाही आणि चिंचेला, टोमॅटोला, दह्यालाही बऱ्यापैकी पुरून उरतो. त्याचा पोपडा निघत नाही, कारण तो चिकटवलेलाच नसतो.

दुकानात मात्र एक गोंधळ मुद्दाम ठेवलेला असतो. बाहेरून हार्ड अॅनोडाइज्ड आणि आतून नॉनस्टिकचा लेप दिलेली भांडीही त्याच नावाने विकली जातात. दोन्ही काळीच दिसतात. लेपाच्या भांड्याला स्टीलचा चमचा चालत नाही, ते रिकामे मोठ्या आचेवर ठेवता येत नाही, कारण २६० अंशांच्या वर तो लेप खराब होऊन धूर सोडू लागतो, आणि काही वर्षांत तो झिजतो. अंड्याच्या पोळीला, डोशाला ते ठीक. पण ज्या भांड्यात खिचडा घोटायचा, त्यात लेप घेणे म्हणजे पैसे पाण्यात. हात फिरवून पाहावा: लेप गुळगुळीत, किंचित मेणचट लागतो, नुसते अॅनोडाइज्ड कोरडे, बारीक खरबरीत लागते. तरी शंका राहिली तर खोक्यावर वाचावे, आणि दुकानदाराला सरळ विचारावे.

पाच भांड्यांच्या सेटची बहुतेक घरांना गरज नसते. भात कुकरमध्ये होतो, तळण लोखंडी कढईत सर्वांत चांगले होते, भाकरीला लोखंडी तवाच हवा, चहाला कुठलेही भांडे चालते. हार्ड अॅनोडाइज्डची जास्तीची किंमत वसूल होते ती एकाच जागी: आंबट किंवा दुधाचा पदार्थ ज्यात सावकाश शिजतो, ते एक मोठे, जाड बुडाचे पातेले किंवा हंडी. पाच-सहा माणसांच्या घराला पाच लिटरचे पुरते. दोन लिटर दुधाचा शीरखुर्माही त्यात उतू न जाता आटतो. बुडाची जाडी तीन-चार मिलिमीटर असावी. दोन्ही कानांना धरून भांडे पाण्याने भरलेले उचलता येते का, हे तिनेच उचलून पाहावे. सहरीला इंडक्शनची शेगडी वापरणाऱ्या घरांनी बुडाला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला नाही तर ते भांडे त्या शेगडीवर तापणारच नाही. सेटचे पैसे एका चांगल्या भांड्यात घातले तर घरात जागाही उरते.

खरा घोळ पुढे, मोरीत होतो. तांब्या-पितळेच्या काळातल्या सवयी अजून हातात आहेत. चिंच आणि राख ही पितळेला औषध होती. अॅनोडाइज्डला राख विष आहे, कारण राख क्षारयुक्त असते आणि हा ऑक्साइडचा थर आम्लापेक्षा क्षाराला लवकर शरण जातो. धुण्याचा सोडा, ओव्हन साफ करण्याची औषधे, डिशवॉशर यंत्राची पावडर ही सगळी त्याच जातीची. काळे भांडे डिशवॉशरमधून चार-सहा वेळा काढले की राखाडी, पांढुरके पडते. साधा भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि नायलॉनची घासणी एवढे त्याला पुष्कळ. बूड लागलेच तर पाणी घालून पाच मिनिटे उकळावे, लाकडी कालथ्याने खरवडावे. खिचडा घोटायला लाकडी घोटणीच बरी; विजेवर फिरणाऱ्या पात्याचा टोला बुडाला बसला की कोणताही थर टिकत नाही.

आतून पांढरे डाग दिसले की घरात गजहब होतो. 'एवढे महागाचे भांडे, महिन्यात खराब केले' हे वाक्य बहुधा सुनेच्या वाट्याला येते. बोअरचे जड पाणी असलेल्या शहरांत ते डाग निव्वळ चुन्याचे असतात. अर्धे लिंबू पिळून पाणी पाच-सात मिनिटे उकळले की निघून जातात, सुनेचा त्यात काही दोष नसतो. थर खरोखर झिजला तर पांढरे दिसत नाही, चांदीसारखी उघडी धातू चमकते. तसे झाले तरी भांडे फेकायचे कारण नाही. बगारा चावल, पुलाव, शिरा त्यात खुशाल करावा. चिंच आणि टोमॅटो तेवढे दूर ठेवावेत.

रमजानात आणखी एक सवय हमखास असते. इफ्तारचे उरलेले कालवण त्याच पातेल्यात झाकून ठेवायचे आणि पहाटे सहरीला गरम करायचे. आठ-नऊ तास आंबट-खारट रस्सा भांड्यात पडून राहणे साध्या अॅल्युमिनियमला सर्वांत वाईट, आणि अॅनोडाइज्डलाही चांगले नाही. कुठे बारीक ओरखडा असेल तर मीठ तिथूनच आत शिरते. जेवण झाले की स्टीलच्या डब्यात काढावे. तेवढा एक डबा जास्त घासावा लागतो खरा, पण तो घासायला घरात दुसरेही हात असतात. तरावीहून परतलेल्या मुलांना हे काम सांगायला काहीच हरकत नाही.

आता भीतीबद्दल. अॅल्युमिनियममुळे विसरण्याचा आजार होतो, असे मोबाइलवर फिरणारे निरोप सांगतात आणि लोक आजीची पातेली भंगारात घालतात. अल्झायमरचा आणि अॅल्युमिनियमचा संबंध काही दशकांपूर्वी संशोधकांनी तपासायला घेतला होता. स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे तो आजार जडतो, हे सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम अॅल्युमिनियम ही मर्यादा घालून दिली, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला आठवड्याला १०० मिलिग्रॅम. निरोगी मूत्रपिंड पोटात गेलेल्यातले रक्तात उतरलेले अॅल्युमिनियम बाहेर टाकते. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी सावध राहावे, हे योग्य. बाकीच्यांनी आंबट पदार्थ साध्या जर्मलमध्ये शिजवू नये, एवढे पुरे.

काळजी करायची ती दुसऱ्या धातूची, आणि तिच्याबद्दल मोबाइलवर फारसे काही येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या काही अॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असा इशारा दिला. त्यात भारतात बनलेले भांडेही होते. शिसे येते कुठून? भंगार वितळवून भांडी ओतली की त्या भंगारात काय काय होते याचा हिशेब कुणाकडे नसतो. शिशाची मात्रा कितीही कमी असली तरी ती सुरक्षित म्हणता येत नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान होते लहान मुलांच्या मेंदूचे. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा करणारा आदेश काढला. अॅल्युमिनियमच्या भांड्यांचे मानक आहे आयएस १६६०. तरीही वजनावर विकली जाणारी, नाव-गाव नसलेली पातळ पातेली आठवडी बाजारात दिसतातच.

ती विकत घेणाऱ्यांत दानशूर माणसेही असतात. रमजानात जकात निघते, सदका निघतो. पुढे सामुदायिक विवाहात नव्या जोडप्यांना भांडी दिली जातात. शंभर जणांना द्यायचे तर स्वस्तातली बघा, असे कुणीतरी म्हणतो आणि स्वतःच्या घरी ब्रँडचे काळे पातेले नेणारा माणूस गरिबासाठी बिनशिक्क्याचे जर्मल उचलतो. आपण स्वतः डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही अशी निकस वस्तू दान देऊ नये, अशी ताकीद सूरह बकरात आहे. तिचा अर्थ सहसा किडके धान्य आणि फाटके कपडे एवढाच सांगितला जातो. भंगारातून ओतलेले पातेले त्या यादीत का नसावे?

शंभर काळी पातेली वाटा, असे यावर कुणी म्हणणार नाही. तेवढे पैसे कमिटीकडे नसतात, आणि प्रत्येक घराला त्याची गरजही नाही. ज्या घरात चूल पेटते, तिथे आयएसआय शिक्क्याचे जाड स्टीलचे पातेले जास्त कामाचे. ते राखेने घासले तरी चालते, आणि डालचाही त्यात निर्धास्त उकळतो, बूड लागू नये म्हणून ढवळत राहावे लागते एवढेच. शंभरऐवजी साठ घरांना मिळेल, पण भांडे उलटे केल्यावर त्यावर शिक्का दिसेल. आणि यादी करायला जाणाऱ्यांनी त्या घरातल्या बाईला आधी विचारावे, की तुमच्याकडे काय आहे आणि कशात शिजवता. दारात उभे राहून हे विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि यादी तर ईदच्या आधी करायचीच असते.