विश्लेषण : मळीमिश्रित पाणी, क्षारपड जमीन... कृष्णाकाठचे दुखणे नदीपुरतेच आहे का?

सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच दिसला की प्रदूषणाची चर्चा पेटते. जुलै २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये हेच घडले. पुढे पाणी वाढते, मासे वाहून जातात आणि चर्चाही थांबते. मात्र नदीचे पाणी ज्या शेतात उपसले जाते, तेथे त्यातले क्षार मागे राहतात. त्यांचा हिशेब क्वचितच होतो.

पाण्याबरोबर शेतात काय येते?

महाबळेश्वरात उगम पावणारी कृष्णा वाई, कराडमार्गे सांगलीत येते. वाटेत गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी तिला मिळते. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे तपकिरी पाणी सर्वांत घातक. त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. त्यात पोटॅशसह बरेच क्षारही असतात. पोटॅश पिकाला हवे असते. पण हे पाणी प्रक्रिया न करता, प्रमाण न पाहता सोडले तर खताऐवजी क्षारच वाढतात.

चांगल्या पाण्यानेही जमीन बिघडते?

होय. समजा, एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार आहेत. एकरभर शेतात एक सेंटिमीटर पाणी दिले तर सुमारे २० किलो क्षार येतात. वर्षभरात २०० सेंटिमीटर पाणी दिले तर हा आकडा चार टनांवर जातो. ऊस पाणी शोषतो, ऊन पाणी उडवते. क्षार बहुतांश जागीच राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाचे पाणी ते खाली धुऊन नेते. काठावरच्या भारी काळ्या जमिनीत निचराच मंद असतो. पाटपाणी मोकाट दिले की भूजल वर येते आणि क्षारांनाही वर आणते. मग शेतावर पांढरा थर दिसू लागतो. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतील शेतकऱ्यांना हे चित्र नवे नाही.

खारवट आणि चोपण यांत फरक काय?

मातीच्या अर्काची विद्युत वाहकता चार डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असली तर जमीन खारवट. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेले तर ती चोपण. तिचा सामू बहुधा साडेआठच्या वर असतो. चोपण मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. तेथे जिप्सम आणि धैंच्यासारखे हिरवळीचे खत उपयोगी पडते. मात्र निचरा नसेल तर तो खर्च वाया जातो.

उपाय एकट्याच्या हातात का नाही?

जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून जादा पाणी काढता येते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम चालते. तंत्राची वानवा नाही. अडचण पाइपच्या दुसऱ्या टोकाला आहे. खालच्या शेतकऱ्याने वाट दिली नाही किंवा ओढा बुजवला, तर वरच्याचे पाणी तुंबते. वाट मिळाली, तर तेच खारे पाणी ओढ्यातून पुन्हा कृष्णेत जाते आणि पुढच्या गावाच्या मोटारीतून पुन्हा शेतात येते.

मग करायचे काय?

निचऱ्याचा मुख्य चर ही रस्त्यासारखीच सार्वजनिक सोय मानावी लागेल. ओढ्यांवरील अतिक्रमणे काढावी लागतील. नदीच्या पाण्याची तपासणी मासे मेल्यावर नव्हे, नियमित व्हावी. तिच्या अहवालात प्राणवायूबरोबर क्षार आणि सोडियमचे आकडे असावेत आणि ते गावोगावी जाहीर व्हावेत. शेतकऱ्यांनीही ठिबककडे वळणे आणि दर दोन-तीन वर्षांनी माती तपासणे टाळू नये.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी आता सांगलीच्या दुष्काळी पूर्व भागात पोहोचले आहे. तेथे पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. पाणी आणण्यासाठी जेवढा आग्रह धरला, तेवढाच ते बाहेर काढण्यासाठी धरला नाही, तर कृष्णाकाठची चूक तेथेही होईल. मेलेले मासे एका दिवसात दिसतात. मेलेली जमीन दिसेपर्यंत मात्र पंधरा-वीस वर्षे हातातून गेलेली असतात.