पारोसे मांजर

आंघोळ न केलेल्या माणसासाठी मराठीत 'पारोसा' असा एक खास शब्द आहे. पारोसा माणूस मळलेला असतोच असे नाही. रात्री झोपताना स्वच्छ असलेला माणूस सकाळी उठतो तो पारोसाच उठतो. देवघरात त्याने जाऊ नये, सोवळ्याच्या भांड्यांना हात लावू नये, असा जुन्या घरांतला दंडक. आता सोवळे गेले, पण शब्दामागची भावना टिकून आहे: घरात यायचे तर आधी अंगावरून पाणी गेले पाहिजे. रस्त्यावरून उचललेले मांजराचे पिल्लू उंबरठ्याशी आले की हाच नियम आपण त्यालाही लावतो. तो लावणे किती महागात पडू शकते, हे आम्ही एकदा पाहिले आहे. हा लेख त्यातूनच आला.

जुलै महिना होता. दुपारपासून पावसाची झड लागलेली. इमारतीच्या वाहनतळात एका स्कूटरखाली पिल्लू ओरडत होते. डोळे अजून निळे, दात नुकते आलेले, वजन जेमतेम चारशे ग्रॅम. अंगावर चिखल आणि पोटाच्या केसांतून पळणाऱ्या पिसवा. "आधी आंघोळ घाला त्याला, मग आत आणा," आईने दारातूनच सांगितले, आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मोरीत नळाखाली धरले, जंतुनाशक साबण लावला, खसखसून धुतले, पंच्याने पुसले आणि खोक्यात ठेवून शहाबादी फरशीवर खोके सरकवून दिले. ते ओरडायचे थांबले. दमून झोपले असेल, असे आम्ही समजलो. पहाटे पाहिले तेव्हा ते ताठ झालेले होते.

पशुवैद्य आमच्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पिसवांचं नंतर बघता आलं असतं. त्याला आधी ऊब हवी होती."

या वाक्यामागचे गणित आम्ही नंतर मांडून पाहिले. एक ग्रॅम पाणी अंगावरून वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. पिल्लाच्या केसांत दहा ग्रॅम पाणी राहिले आणि त्यासाठी लागणाऱ्या उष्णतेचा चौथा भाग जरी त्याच्या शरीरातून गेला, तरी चारशे ग्रॅमच्या देहाचे तापमान चारेक अंशांनी उतरू शकते. मोठे मांजर ही तूट भरून काढते. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला ते साधत नाही; स्वतःचे तापमान राखण्याची त्याची शक्ती अजून पुरती आलेली नसते. आपल्या लेखी जे पाच मिनिटांचे स्नान, ते त्याच्या लेखी रात्रभराची थंडी असते.

मग ही आंघोळ कुणासाठी? आमच्या मते बहुतेक वेळा ती आपल्या समाधानासाठी असते. मांजर हा प्राणी स्वच्छतेच्या बाबतीत माणसाचा ऋणी नाही. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ सालच्या संस्कृत कोशात 'मार्जार' हा शब्द बहुधा 'मृज्', म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, या धातूपासून आला असावा, असे म्हटले आहे. संध्येतले 'मार्जन' त्याच धातूचे. म्हणजे स्वतःला पुसत बसणारा तो मार्जार. ते पुसणे किती सफाईचे असते, हे २०१८ साली अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी दाखवून दिले. मांजराच्या जिभेवरील काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असतात. ती तोंडातली लाळ उचलतात आणि थेट केसांच्या मुळापर्यंत नेऊन सोडतात. आपण नळाखाली धरून एवढे नेमके काम करू शकत नाही.

यावर आरोग्याचा आक्षेप येतो आणि तो रास्तही आहे. घरात गर्भवती असेल तर टॉक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि संसर्गक्षम व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे मांजराची शीची पेटी रोज, आणि गर्भवतीखेरीज दुसऱ्या कुणी, साफ करणे हा त्यावरचा उपाय. कुणाला दमा असेल, तर त्रास देणारे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील ग्रंथींत तयार होत असते. धुतल्याने ते घटते खरे, पण थोड्याच दिवसांत पूर्वपदावर येते. नायटा झाला असेल तर तो बुरशीचा रोग, त्याला औषध लागते. साध्या साबणाने तो जात नाही. तिन्ही ठिकाणी काळजी योग्य आहे, पण तिचे उत्तर बादलीत नाही.

तरीही आंघोळ कधीच घालू नये, असे आमचे म्हणणे नाही. पिल्लू वाहनाखाली शिरून इंजिनाच्या तेलाने माखले, अंगावर रंग सांडला, उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट कागदाला चिकटले, तर ते सगळे चाटून पोटात जाण्याआधी धुवावेच लागते. (चिकट कागदाचा गोंद पाण्याने सुटत नाही. आधी खाद्यतेल चोळून तो सैल करावा, मग तेल धुवावे.) पिसवांचा सुळसुळाट हे दुसरे खरे कारण. लहान पिल्लाचे रक्त पिसवा इतके पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात आणि त्यात ते दगावूही शकते. ढाळ होऊन मागचा भाग माखला असेल तर तेवढाच भाग धुवावा.

बाकी सर्व प्रसंगी, आणि आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तर शक्यतो नेहमीच, कोमट पाण्यात पिळलेले मऊ फडके पुरते. आई जशी जिभेने लहान लहान फटकारे मारते तसे थोडे थोडे पुसावे आणि लगेच कोरडे करावे. पिसवा थोड्या असतील तर उवांची बारीक दातांची फणी घ्यावी आणि निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवावी.

धुणे अटळच असेल तर आमची पद्धत अशी. पिल्लू आधीच गार किंवा मलूल असेल तर धुण्याचा विचार सोडून पशुवैद्याकडे जावे. तरतरीत असेल तर प्रथम सगळी तयारी मांडावी: दोन कोरडे पंचे, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवलेले खोके, तांब्या आणि निवळायला भरून ठेवलेली दुसरी बादली. पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. पाणीही तितकेच, म्हणजे कोपर बुडवल्यावर ना गार ना गरम वाटेल इतके असावे. घमेल्याच्या तळाशी जुने फडके अंथरावे. पाय घसरले की पिल्लू घाबरते आणि नखे काढते. पाणी त्याच्या पोटापर्यंतच असावे. एकाने छातीखाली हात देऊन धरावे, दुसऱ्याने धुवावे. मानगुटीला धरून लोंबकळवू नये.

पिसवा असतील तर आधी मानेभोवती साबणाचे कडे करावे, नाहीतर पाणी लागताच त्या तोंडाकडे आणि कानांकडे पळतात. डोक्यावर पाणी ओतू नये. तोंड फडक्यानेच पुसावे. मांजरांचा शाम्पू, आणि तो पिल्लाच्या वयाला चालेल असा, मिळाला तर उत्तम. अडीनडीला भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब चालतात. साबणाचा अंश राहू देऊ नये, कारण नंतर तो जिभेवरच जाणार आहे. हे सर्व पाच मिनिटांत उरकावे.

येथे एक इशारा. पाण्यात टाकताच पाणी दुधासारखे पांढरे करणारी जंतुनाशके आपण श्रद्धेने वापरतो. त्यांतील फिनॉलवर्गीय द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते. ती त्याला विषच. कुत्र्यांच्या पिसवांवरील अनेक औषधांत असणारे परमेथ्रिनही मांजराचा जीव घेऊ शकते. तेव्हा 'कुत्र्याला चालते, मग मांजराला का नको' हा तर्क अजिबात लढवू नये.

आंघोळीपेक्षा आंघोळीनंतरचा अर्धा तास अधिक मोलाचा. पंच्याने टिपून घ्यावे, पंचा ओला झाला की दुसरा घ्यावा, आणि केसांच्या मुळाशी बोट घालून कोरडे लागेपर्यंत पिल्लू उबेत ठेवावे. खोक्यात गरम पिशवीपासून दूर सरकायलाही जागा असावी. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. अंगात ऊब नसेल तर ते पचत नाही. आधी ऊब, मग अन्न. आणि ओरडणारे पिल्लू एकाएकी गप्प झाले तर त्याला झोप लागली असे समजू नये. आम्ही तसे समजलो होतो.

पुढे दोनेक वर्षांनी, पुन्हा पावसाळ्यातच, दुसरे पिल्लू घरी आले. तेही चिखलाने बरबटलेले. त्याला आम्ही पंच्यात गुंडाळून आधी उबेत ठेवले. मग तीन संध्याकाळी थोडे थोडे पुसून काढले आणि फणी फिरवली. आईने पहिल्या दिवशी विचारले, "आंघोळ?" आम्ही नाही म्हटले. ती काही बोलली नाही, पण देवघराचे दार मात्र तिने लोटून घेतले.

चौथ्या दिवशी ते पिल्लू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पुढचा पाय चाटत होते, आणि ओला पाय कानामागून पुढे आणत होते. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "करतंय की आपलं आपण."