अंगठीतला जांभळा खडा



मुलीचे लग्न जमत नाही, मुलगा अभ्यासाला बसत नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही. अशा वेळी घरातले किंवा शेजारचे कोणीतरी सांगते, "एकदा खडा घालून बघा." हल्ली त्यात जांभळ्या खड्याचे नाव पुष्कळ ऐकू येते. कोणी त्याला जमुनिया म्हणते, कोणी कटेला, तर शिकलेली मुले ॲमेथिस्ट म्हणतात. "आफ्रिकन आहे" असे सांगितले की भाव आणखी चढतो. म्हणून या महिन्यात या खड्याचीच माहिती घेऊ.

आपला नगर जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला आणि थरावर थर साचून थंड झालेला लाव्हारस. भाकरी फुगावी तसे वाफेचे आणि वायूंचे बुडबुडे त्यात अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका हळूहळू आतल्या भिंतींवर जमली आणि तिचे स्फटिक झाले. विहीर खोदताना किंवा खडीच्या खाणीत चकाकणारी गारगोटी सापडते, ती हीच. आपल्या राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यातून निघालेले अपोफिलाइटसारखे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. जालन्याकडच्या पाषाणात तर जांभळी गारगोटीही मिळते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना एकदा जरूर न्या.

जमुनिया म्हणजे ही जांभळी गारगोटीच. स्फटिक वाढताना त्यात लोहाचा अगदी थोडा अंश शिरतो. आजूबाजूच्या खडकांतून निघणाऱ्या नैसर्गिक किरणांचा त्या लोहावर प्रदीर्घ काळ परिणाम होतो आणि पांढऱ्या गारगोटीला जांभळा रंग चढतो.

आफ्रिकेतला खडाही याच जातीचा. नामिबियात सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत तो मिळतो, म्हणजे जन्म थेट आपल्या दगडासारखाच. झांबियात करिबा तलावाच्या परिसरातल्या खाणींत मात्र तो फार जुन्या खडकांच्या भेगांत तयार झाला. तिथला रंग गडद असतो, म्हणून त्याला मागणी. हा फरक रंगाचा आणि मोलाचा आहे, नशिबाचा नाही.

या खड्याला माणसांनी दिलेले अर्थ मात्र देशोदेशी बदलत गेले. प्राचीन ग्रीक लोक समजत की हा खडा जवळ असला की दारूची नशा चढत नाही. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच 'नशा न चढलेला' असा आहे. ख्रिस्ती बिशप तो आपल्या पदाची खूण म्हणून अंगठीत घालतात. आपल्याकडचे ज्योतिषी तो नीलमऐवजी शनीसाठी देतात.

आता एक गंमत पाहा. बऱ्याच खाणींतला जमुनिया भट्टीत ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवला की पिवळा होतो. बाजारात तो 'सुनहला' म्हणून विकला जातो, आणि सुनहला सांगतात गुरू ग्रहासाठी! म्हणजे सकाळी शनीचा असलेला खडा भट्टीतून बाहेर पडला की गुरूचा होतो. ग्रहांना या भट्टीची खबर कोण देते, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

असा प्रश्न विचारणे ही आपली जुनी परंपरा आहे. अकराव्या शतकातील थोर विद्वान अल-बिरुनी यांनी रत्नांवर 'किताब अल-जमाहिर' हा ग्रंथ लिहिला. पाचू पाहिला की सापाचे डोळे फुटतात, असे तेव्हा लोक मानत. बिरुनींनी सापाच्या गळ्यात पाचूची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, कित्येक महिने हा प्रयोग चालवला. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही. त्यांनी ते तसेच लिहून ठेवले.

मग अंगठी घालूच नये का? तसे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पत्रांवर मोहोर उठवण्यासाठी चांदीची अंगठी करवून घेतली होती, आणि हजरत अनस (रजि.) यांच्या एका रिवायतीत त्यांच्या अंगठीतला खडा हब्शी, म्हणजे आफ्रिकेकडचा असल्याचा उल्लेख आहे. पण हजरत उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदसमोर उभे राहून काय सांगितले, तेही लक्षात ठेवा: तू दगड आहेस, तुझ्याने ना नुकसान होते ना फायदा, प्रेषितांना (स.) चुंबन घेताना पाहिले म्हणूनच मी घेतो. काबागृहातल्या दगडाबद्दल ही भूमिका असेल, तर बाजारातल्या दगडाची काय कथा!

मागे एका विद्यार्थ्याच्या आईने मला विचारले, "सर, मुलगा गणितात नापास झाला. खड्याचे दीड हजार सांगतात. घेऊ का?" मी म्हणालो, "बाजी, त्याच पैशात गणिताची शिकवणी लावा, आणि रोज संध्याकाळी तासभर मोबाईल तुमच्याकडे ठेवा. दुआ तर तुम्ही करताच." खडा दोष देत नाही आणि मेहनतही मागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. मुलाला मात्र आपला वेळ हवा असतो.

हौस म्हणून जमुनिया घ्यायचा असेल, तर खुशाल घ्या. भिंगातून पाहा. आत गोल बुडबुडे दिसले तर ती बहुधा काच आहे. महाग असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. कडक उन्हात फार वेळ ठेवू नका, रंग फिका पडतो. आणि मुलांनी विचारले, "हा कशासाठी?" तर त्यांना त्या लाव्ह्याची, पाण्याची आणि लोहाची गोष्ट सांगा. सूरह फातिरमध्ये अल्लाहने डोंगरांतल्या पांढऱ्या, लाल, काळ्याभोर रंगांकडे आपले लक्ष वेधले आहे. त्या रंगांमागची कुदरत मुलांना कळली, तर अंगठीचे पैसे वसूल झाले समजा.