दुर्बीण घ्यायचीय? मग जरा शिकाऱ्यांचं ऐका

ताडोब्याचा किंवा भिगवणचा बेत ठरला की ऑफिसात कोणीतरी हमखास विचारतं, "अरे, एखादी छोटी दुर्बीण सांग ना, बॅगेत मावेल अशी." विचारणाऱ्याने मनात एक आधीच निवडलेली असते. साईटवर जिचा आकडा सगळ्यात मोठा, ती. १०×२५, नाहीतर १२×२५, आणि फारच महाभाग असला तर '२० ते १०० एक्स झूम'. एरवी आपण सॉफ्टवेअरवाले स्पेक्स वाचण्यात वाघ, पण इथे मात्र मेगापिक्सेल मोजून कॅमेरा घेणाऱ्यांसारखे वागतो :-)

माझं मत सरळ आहे. जंगलासाठी घेणार असाल तर ८×३२ घ्या. अगदी खिशातच मावायला हवी असेल तर ८×२५. १०×२५ नको, आणि झूमवालीचं तर नावही काढू नका.

दुर्बिणीच्या बाबतीत चोखंदळ गिऱ्हाईक बघायचं तर युरोपातल्या शिकाऱ्यांकडे बघावं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली (आणि ते उत्तमच झालं), पण जर्मनीत परवाना घेऊन, मचाणावर बसून रानडुकराची शिकार आजही होते. तीही बरेचदा तिन्हीसांजेला नाहीतर चांदण्यात. तिथला शिकारी पंधरा-वीस एक्सच्या मागे लागत नाही. त्याची परंपरागत दुर्बीण म्हणजे ८×५६. मोठं करून दाखवणार फक्त आठ पट, पण पुढची भिंगं चांगली ५६ मिलिमीटरची. समोर जो अंधुक आकार हलतोय तो नर आहे की पिल्लं मागे असलेली मादी, हे त्याला चाप ओढण्याआधी कळलंच पाहिजे. तिथे चूक झाली तर ती परत घेता येत नाही.

यातलं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ५६ भागिले ८ म्हणजे ७ मिलिमीटर. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद असतो. त्याला एक्झिट प्यूपिल म्हणतात. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते आणि काळोखात तरुणपणी साधारण सातपर्यंत उघडते. (वय वाढतं तशी कमी उघडते, पण तो विषय आपण पुढे ढकलू.) आता भागाकार करून बघा. १०×२५ मध्ये मिळतात अडीच, ८×२५ मध्ये तीनच्या थोडे वर, ८×३२ मध्ये चार, ८×४२ मध्ये सव्वापाच.

म्हणजे दुपारी बारा वाजता १०×२५ बद्दल काहीच तक्रार नसते. आणि गंमत अशी की दुकानात आपण ती नेमकी अशाच लख्ख उजेडात बघतो! पण प्राणी दुकानाच्या वेळा पाळत नाहीत ना. सांबर, भेकर, गवा, बिबट्या, सगळ्यांची वर्दळ पहाटे नाहीतर दिवस मावळताना. तेव्हा बाहुली पाच मिलिमीटर उघडून बसलेली, आणि आपण तिला अडीच मिलिमीटर उजेड देतोय. पाणवठ्याकाठी काळा ठिपका दिसतो. दहा पट मोठा काळा ठिपका. २५ ऐवजी ३२ची भिंगं घेतली की आत येणारा प्रकाश दीडपटीहून जास्त होतो, कारण तो व्यासाच्या वर्गावर ठरतो.

मग सरळ ८×४२ का नको? जिप्सीतूनच फिरणार असाल तर जरूर घ्या. पण तिचं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास जातं. राजमाचीला जाताना पाणी, डबा, पोंचो भरून झाल्यावर ती "पुढच्या वेळी" म्हणून कपाटात राहते. ८×३२ साधारण पाचशे ग्रॅम, गळ्यात असल्याचं दिवसभर विसरायला होतं.

दहा एक्सचा दुसरा ताप म्हणजे हाताचा कंपही दहापट होतो, आणि हलक्या दुर्बिणीत तो जास्तच जाणवतो. शिवाय दिसणारा तुकडा लहान. भीमाशंकरच्या गच्च झाडीत शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारतं, तेव्हा ते दुर्बिणीत सापडेपर्यंत तिसऱ्या झाडावर पोचलेलं असतं.

आपल्यासारख्या चष्मिष्टांसाठी खास सूचना: 'आय रिलीफ' १५ मिलिमीटर किंवा जास्त आहे का ते बघा. कमी असेल तर चष्म्यातून किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. बऱ्याच छोट्या दुर्बिणी इथेच मार खातात. सरळ नळ्यांची (रूफ प्रिझमवाली) घेत असाल तर 'फेज कोटिंग' हवंच; झाईसने ते १९८८ मध्ये आणलं आणि आता मधल्या किमतीतही मिळतं. बजेट कमी असेल तर जुन्या घाटाची, खांदे असलेली ८×३० पोरो घ्या. त्याच पैशात चित्र बहुतेक वेळा सरस मिळतं. लालभडक चकाकणारी भिंगं दिसली की पुढे चला, तो लाल रंग म्हणजे आत न जाता परत फिरलेला उजेड. आणि नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ असावी. कोकणातल्या एका पावसाळ्यात भिंगांवर बुरशी कशी चढते ते बघितलं असेल तर जास्त सांगायला नको.

"पण फोटो तर निघत नाही ना," असंही कोणी म्हणतं. नाही निघत. पण सफारीत "भैया, और आगे लो" म्हणून ड्रायव्हरला टोचणारे जवळपास सगळे मोबाईलवाले असतात, हे एकदा बघा. ज्याला शंभर मीटरवरून वाघिणीच्या मिशा दिसतायत, त्याला गाडी पुढे घ्यायची घाई नसते, आणि वाघीणही निवांत पडून राहते.

तर या शनिवारी घ्यायला जाणार असाल तर संध्याकाळी साडेसहा-सातला जा. आतले दिवे सोडा, दुर्बीण घेऊन दुकानाच्या दारात या, आणि रस्त्यापलीकडच्या झाडाखाली अंधारात लावलेल्या गाडीची नंबर प्लेट वाचून बघा. आधी १०×२५ ने, मग ८×३२ ने. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.