बाळाची कार सीट : घेतली, पण बसवली का?

वाचकहो, आजच्या लेखाच्या आरंभीच एक कबुली देतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ इतरांच्या मुलाबाळांच्या काळजीचे चार शब्द सांगत आलेला हा डॉक्टर आपल्या सात महिन्यांच्या नातीला घेऊन कसारा घाट चढला, तेव्हा तिची कार सीट त्याने स्वतःच्या हाताने चुकीची बसवलेली होती.

मुलगी ठाण्याला असते. काही दिवस माहेरी नाशिकला यायचे म्हणून तिला आणि नातीला आणायला आम्ही दोघे गेलो होतो. कार सीट कोरी करकरीत होती, त्याच सकाळी खोक्यातून काढलेली. जावई कामावर गेलेले, म्हणून ती बसवण्याचे काम मी अंगावर घेतले. गाडीचा पट्टा कुठून तरी ओवला, खटक्यात अडकवला, ‘कट्’ असा आवाज आला आणि माझे समाधान झाले. सोबतची पुस्तिका खोक्यातच राहिली. घाटातल्या एका वळणावर नातीसह ती सीट एका बाजूला लवंडली. शेजारी बसलेल्या आजीने चटकन हात घालून सावरली. नातीला तो झोपाळा वाटला असावा, ती हसली. मला मात्र हसू आले नाही.

इगतपुरीला थांबून पाहिले, तेव्हा सीटच्या कडेला चिकटवलेले चित्र पहिल्यांदा नीट वाचले. बाळाचे तोंड मागच्या काचेकडे असेल तर पट्टा निळ्या खुणांमधून ओवायचा होता. पुढे तोंड करून बसणाऱ्या मोठ्या मुलासाठी लाल खुणा होत्या. मी तो लाल खुणांमधून ओवला होता. शिवाय तो इतका सैल होता, की त्यात माझी मूठ सहज मावली.

आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “यापेक्षा मी मांडीवर घेतले असते तर बरे नसते का झाले?” हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात विचारला जातो. म्हणून आधी त्याचेच उत्तर पाहू.

मांडी का पुरत नाही?

आईची किंवा आजीची मांडी ही बाळाची जगातील सर्वांत विश्वासाची जागा. परंतु धावत्या गाडीत विश्वासाला वेगाशी सामना करावा लागतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतल्या व्यक्तीला बसणारा धक्का सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून, पडण्याइतका असतो. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले, तर 8 किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी शंभर किलोंहून अधिक वजन पेलण्याइतके बळ लागेल. तेही कोणतीही पूर्वसूचना नसताना. असे बळ कोणाच्याच हातात नसते. मायेची उणीव हे त्याचे कारण नव्हे.

काही जण एकच पट्टा स्वतःभोवती आणि मांडीवरच्या बाळाभोवती मिळून लावतात. ते अधिक धोक्याचे आहे. धक्का बसताच मोठ्या माणसाचे सारे वजन बाळाला त्या पट्ट्यावर दाबते आणि पोटातील नाजूक अवयवांना इजा होते. मांडीवर घेणाऱ्याने पट्टाच लावला नसेल, तर बाळ पुढची सीट आणि त्या व्यक्तीचे शरीर यांच्यामध्ये सापडते.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, कलम 194-ब अन्वये, 14 वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम लहान आहे; जे पणाला लागते ते लहान नाही.

बाळाचे तोंड मागे का?

तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. मान मात्र कोवळी. मणक्यांचा बराचसा भाग अजून कूर्चेचा, सांध्यांचे बंध सैल आणि स्नायू अशक्त. बाळ पुढे तोंड करून बसले असताना समोरून धडक झाली, तर छाती पट्ट्याने अडते. परंतु ते जड डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर व मज्जारज्जूवर येतो. तेच बाळ मागे तोंड करून बसले असेल, तर डोके, मान आणि पाठ या तिन्हींना सीटची पाठ एकाच वेळी झेलते. धक्का वाटला जातो.

म्हणून युरोपातील नव्या नियमाप्रमाणे किमान 15 महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे बंधनकारक आहे. आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर त्या सीटची वजनाची वा उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसेच बसवा, असे सांगते. “पाय दुमडले जातात हो त्याचे,” अशी तक्रार पालक करतात. दुमडलेल्या पायांनी मुले सुखाने बसतात. घरीही ती तशीच बसतात.

सीट गाडीला बांधताना

जागा मागचीच. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली कार सीट कधीही ठेवू नये. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते आणि बाळाच्या डोक्यामागच्या भागावरच आदळते. मागच्या बाकाची मधली जागा बाजूच्या धडकेपासून दूर असते हे खरे. पण तेथे खांद्यावरून येणारा पट्टा नसेल किंवा सीट स्थिर बसत नसेल, तर बाजूची जागा अधिक चांगली.

पट्ट्याने बसवायची सीट असेल, तर पुस्तिकेत दाखवलेल्या वाटेनेच पट्टा ओवावा. मग गुडघा किंवा तळहात सीटवर जोराने दाबून सैल राहिलेला पट्टा खेचून घ्यावा. पट्ट्याला कोठेही पीळ नसावा. आपल्या गाडीला आयसोफिक्स असेल, म्हणजे मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात लोखंडी कड्या असतील, तर सीटचे दोन्ही हात त्यात अडकवून खुणा हिरव्या झाल्याची खात्री करावी. वरचा जादा पट्टा किंवा जमिनीवर टेकणारा पाय दिलेला असल्यास तोही वापरावा. तो शोभेसाठी नसतो.

आता परीक्षा. जेथून पट्टा जातो तेथेच सीट हाताने धरून डावीउजवीकडे आणि पुढेमागे हलवावी. एका इंचापेक्षा अधिक हलली, तर ती बसलेली नाही. माझी तर हातभर सरकत होती.

कलही पाहावा. सीट फार उभी असेल तर झोपलेल्या तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. फार आडवी असेल तर धडकेत ती बाळाला नीट झेलू शकत नाही. योग्य कलासाठी बहुतेक सीटवर रेघ किंवा खूण असते. गाडी सपाट जागी उभी करून ती जुळवावी.

बाळाला सीटमध्ये बांधताना

खांद्याचे पट्टे ज्या छिद्रांतून येतात त्यांची उंची हा सर्वांत दुर्लक्षित भाग. बाळाचे तोंड मागे असेल, तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. पुढे असेल, तर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ त्यांना चिमटीत धरण्याचा प्रयत्न करावा. चिमटीत घडी आली, तर पट्टा सैल आहे. चिमूट निसटली, तर ठीक.

आपल्याकडे बाळाला दुपट्यात गुंडाळण्याची रीत आहे, आणि हिवाळ्यात स्वेटरवर स्वेटर चढतात. गुंडाळलेल्या बाळावरून पट्टा लावला, की तो घट्ट वाटतो. परंतु धक्क्यात कापड दबते आणि पट्टा सैल पडतो. आधी साध्या कपड्यांत बाळाला बांधावे, मग वरून दुपटे किंवा शाल पांघरावी. प्रसूतिगृहातून घरी येतानाचा पहिला प्रवासही असाच व्हावा. वेगळी विकत घेतलेली उशी, गादी किंवा मानेचा आधार पट्ट्याखाली घालू नये.

मूल वाढते, सीटही बदलते

कार सीट एकदा जुळवून विसरण्याची वस्तू नव्हे. बाळाचे वजन करायला आपण दवाखान्यात येता, तोच दिवस पट्ट्यांची उंची तपासण्याचाही ठरवावा. मागे तोंड असलेल्या बाळाच्या डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून एका इंचाच्या आत आला, की ती सीट लहान झाली. पुढे तोंड केल्यावरही पाच टोकांचा पट्टा मर्यादा संपेपर्यंत वापरावा. त्यानंतर बूस्टर, त्याने मूल उंच बसते आणि गाडीचा पट्टा योग्य जागी येतो.

बूस्टर कधी सोडावा? मुलाला गाडीच्या सीटवर बसवून पाहावे. पाठ सीटला टेकलेली असताना गुडघे कडेवर वाकतात का? कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या मुळाशी, हाडांवर बसतो का? खांद्याचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधून जातो का? आणि सारा प्रवास ते तसेच बसून राहते का? चारही उत्तरे ‘होय’ असतील तरच. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे उंची 145 सेंटिमीटरच्या आसपास गेल्यावर जमते, म्हणजे चौथीत गेलेले मूलही अनेकदा बूस्टरचेच असते.

खरेदी करताना सीटवर एआयएस-072, ईसीई आर-44 किंवा आर-129 यांपैकी मानकाचा शिक्का पाहावा आणि शक्य तर दुकानातच आपल्या गाडीत बसवून घ्यावी. काही गाड्यांचे पट्टे आखूड पडतात. नात्यात वापरून झालेली सीट मिळाली, तर दोन प्रश्न विचारावेत : ती कधी अपघातात सापडली होती का, आणि तिची मुदत संपली आहे का? अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसली तरी वापरू नये. सीट ही बाळाला निजवण्याची जागाही नव्हे. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी बाळाला बाहेर काढावे आणि मुक्कामी पोहोचल्यावर झोपलेले असले तरी सपाट अंथरुणावर ठेवावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बक्कल चटका बसण्याइतके तापते. आधी आपला हात लावून पाहावा. आणि बंद गाडीत मुलाला एकटे, क्षणभरसुद्धा, ठेवू नये.

“पण तो रडतो हो!”

हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. आपले बाळ लस टोचतानाही रडते. तेव्हा आपण त्याचे पाय घट्ट धरता, डोळ्यांत पाणी असले तरी सोडत नाही. कारण ते रडणे कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक असते. कार सीटमधील रडणेही त्याच जातीचे आहे. पहिल्या दिवसापासून, जवळच्या फेरीपासून सवय लावली तर ते ओसरते. एखाद्या दिवशी ‘फक्त कोपऱ्यापर्यंतच जायचे आहे’ म्हणून सूट दिली, की मात्र रडण्याचा उपयोग होतो हे बाळ लगेच शिकते. फार रडले तर गाडी बाजूला थांबवावी, बाळाला घ्यावे, शांत करावे. चालत्या गाडीत पट्टा सोडू नये.

मोठ्यांनीही आपला पट्टा लावावा, मागे बसणाऱ्यांनी विशेषतः. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. पट्टा न लावलेला मोठा माणूस धक्क्यात शेजारच्या बांधलेल्या बाळावरही आदळू शकतो.

त्या दिवशी इगतपुरीला आम्ही ती सीट पुन्हा बसवली. पुस्तिका मुलीने मोबाइलवर शोधून काढली, ती एकेक ओळ वाचत गेली आणि मी गुडघा रोवून पट्टा खेचत गेलो. चाळीस मिनिटे लागली, चहा निवून गेला. शेवटी आजीने सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. सीट हलली नाही, गाडी हलली. तेव्हाच नात आत बसली, आणि मांडीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

आज हा अंक बाजूला ठेवल्यावर, वाचकहो, एवढेच करा. खाली जा, गाडीचे दार उघडा आणि आपल्या बाळाची सीट पट्ट्यापाशी धरून हलवून पाहा.