काळी स्क्रीन म्हणजे मेलेला लॅपटॉप नव्हे

चहा पिऊन आलो तर लॅपटॉपची स्क्रीन काळीठिक्कर. पंखा फिरतोय, चित्र मात्र नाही. भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यात अर्धा भरलेला आणि शेवटची तारीख उद्याची! ओळखीच्या दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, 'मदरबोर्ड गेला, नवा बघा.'

हे मला पटलं नाही. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जागं आहे. पुष्कळदा झोपेतून उठताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर तेवढा अडकतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की तो नव्याने सुरू होतो. माझी स्क्रीन तेवढ्यानेच उजळली, अर्ज जसाच्या तसा. नसती उजळली तर मोबाइलची टॉर्च तिरकी धरून पाहिली असती. पुसट चित्र दिसलं तर दोष बॅकलाइटकडचा. पॉवर बटण दाबून धरणं अगदी शेवटी, न साठवलेलं काम त्यात जातं.

आमच्या मोहल्ल्यात एका लॅपटॉपवर तीन-तीन भावंडं शिकतात. तिथे न बघताच 'नवा घ्या' म्हणणं ही मला सरळ लबाडी वाटते. ड्रायव्हर अपडेट होईपर्यंत मी स्लीपची सेटिंग बंद ठेवली आहे. अर्ज रात्रीच गेला.