तक्त्याच्या शेवटच्या ओळी

विलेपार्ले पूर्वेला सध्या दोन गोष्टींना तोटा नाही : पत्रे ठोकून बंद केलेले भूखंड आणि विशेष सर्वसाधारण सभा. जुन्या तीन-चार मजली इमारती, डोक्यावर विमानतळाचा फनेल झोन, त्यामुळे उंचीला लगाम, आणि तरीही पुनर्विकासात प्रत्येक सभासदाला वाढीव कार्पेट हवेच. हे गणित रविवारी सकाळी एखाद्या सभागृहात प्रोजेक्टर लावून सोडवले जाते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ)खाली आधी ३ जानेवारी २००९ रोजी आणि मग सुधारून ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाबाबत निर्देश निघाले. निविदांची छाननी होऊन तुलनात्मक तक्ता सभासदांपुढे यावा, ही रीत आता सोसायट्यांच्या अंगवळणी पडली आहे. तक्ता येतोही. फक्त तो पडद्यावर मावत नाही.

त्याचा जन्म पीएमसीच्या, म्हणजे प्रकल्प सल्लागाराच्या, कार्यालयात, एक्सेलमध्ये, आडव्या ए-थ्री कागदाच्या हिशेबाने होतो. सभेच्या आदल्या रात्री कोणीतरी तो उचलून पॉवरपॉइंटमध्ये चिकटवतो. वर्डमधला लांब तक्ता निमूटपणे पुढच्या पानावर जातो. पॉवरपॉइंटमधला जात नाही, स्लाइडच्या खालच्या कडेबाहेर लोंबत राहतो. कहर म्हणजे करणाऱ्याला तो लॅपटॉपवर पूर्ण दिसत असतो, कारण काम करताना स्लाइडबाहेरचेही दिसते. स्लाइड शो सुरू झाला की कडेबाहेरचे सगळे गुप्त. जागेत मावेल इतका मजकूर आपोआप बारीक करण्याची सोय साध्या चौकटीला आहे, तक्त्याला नाही. ओळीची कड धरून वर ढकलावी, तर ओळ आतल्या अक्षरापेक्षा बुटकी व्हायला तयार नसते. रिकामे घरही खरे रिकामे नसते : न लिहिलेल्या अक्षराचा १८ पॉइंटांचा आकार त्यात दबा धरून बसलेला असतो. त्या रिकाम्या घरांसकट सगळा तक्ता निवडून टंक लहान केला आणि घरांच्या आतले समास कमी केले, तरच तो हलतो. हे ठाऊक असलेला सभासद बहुधा अमेरिकेत मुलाकडे गेलेला असतो.

त्यात तक्ता मराठी. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा विंडोजचा देवनागरी टंक वर्षानुवर्षे सर्वांच्या संगणकावर होता. जोशी अक्षरांचे काम करीत ती एनसीएसटी ही संस्थाही पार्ल्याच्या शेजारी, जुहूलाच. पण नव्या विंडोजमध्ये ‘मंगल’ गृहीत धरता येत नाही. फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की त्याच्या जागी भलताच टंक येतो, शब्दांची रुंदी बदलते, एका ओळीतला मजकूर दोन ओळींत मोडतो आणि काल रात्री जेमतेम बसवलेला तक्ता पुन्हा खाली घसरतो. युनिकोडपूर्व टंकात केलेला असेल तर प्रश्नच मिटतो. मग सगळ्याच बिल्डरांचे प्रस्ताव सारखेच अगम्य दिसतात.

आता पडद्याबाहेर पडते ते काय, हे पाहावे. तक्त्यात वरच्या ओळींना कार्पेट, कॉर्पस, भाडे, शिफ्टिंगचा खर्च. मध्ये पार्किंग, लिफ्टची कंपनी, जिम. आणि अगदी तळाला बँक गॅरंटी, विलंब झाल्यास दंड, ओसीची म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राची मुदत. म्हणजे स्लाइड नेमकी तिथे संपते, जिथे बिल्डरची जबाबदारी सुरू होते. यात कट वगैरे काही नाही. तक्ता ज्या क्रमाने लोक प्रश्न विचारतात त्या क्रमाने भरला जातो, एवढेच. पडद्यावर ‘पूनर्विकास’ असा दीर्घ ऊकार दिसला, तर पार्ल्यात मागच्या रांगेतूनही हरकत येते. बँक गॅरंटीच्या ओळीवर हरकत येत नाही. न दिसणाऱ्या ओळीत शुद्धलेखनाची चूक सापडायची कशी? विकासक निवडीच्या सभेचे चित्रीकरण सक्तीचे असल्याने हा अर्धा तक्ता रीतसर नोंदवलाही जातो.

महत्त्वाचे ते तळाशी ढकलण्याची खोड जगभरची आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या पंखावर फोमचा तुकडा आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यांतल्या एकीचा मथळा धीर देणारा होता. तळाच्या ओळीत मात्र लिहिले होते, की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा आणि आदळलेला सुमारे १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी परतलेच नाहीत. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने आपल्या अहवालात, एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणाच्या आधारे, त्या स्लाइडचीही चिरफाड केली. सोसायटीची सभा आणि ती शोकांतिका यांची बरोबरी करायची नाही. पण तिथे ती ओळ निदान स्लाइडवर तरी होती.

उपाय फार नाहीत. पीडीएफ केली तर टंक पळत नाही, आणि कापलेला तक्ता आदल्या रात्रीच कापलेला दिसतो. तीन बिल्डरांचा, पंचवीस मुद्द्यांचा तक्ता दोन-तीन स्लाइडवर तोडावा आणि प्रत्येकीवर बिल्डरांची नावे पुन्हा लिहावीत. शिवाय सभेच्या नोटिशीबरोबर पूर्ण तक्ता कागदावर घरोघरी द्यावा. चष्मा लावून, लाल पेन घेऊन तो वाचणारे आजोबा पार्ल्यात अजून इमारतीगणिक सापडतात. एवढे जमत नसेल तर तक्ता निदान उलटा लावावा. बँक गॅरंटी, दंड आणि ओसी वर, जिम सर्वांत खाली. मग पॉवरपॉइंटला कापायचेच असेल, तर जिम खुशाल कापू दे.